पेठेतला संघ लीगमध्ये उतरवायचा तर : कोल्हापूरच्या फुटबॉल लीगची कामाची माहिती

दिवाळी सरली की कोल्हापुरात कुठल्या ना कुठल्या मंडळात विषय निघतोच, "यंदा आपली टीम लीगला उतरवूया." पोरं तयार असतात, जर्सीचा रंग ठरतो, वर्गणीचं पुस्तक छापून येतं. घोडं अडतं ते पुढे. नोंदणीची मुदत निघून जाते, चांगला खेळाडू जुन्या संघाच्या दाखल्यावाचून बसून राहतो, नाहीतर शेवटच्या फेरीत एका गोलानं संघ खालच्या गटात जातो. आपण वाढलोय चषक स्पर्धांवर. हरलो की घरी, एवढाच हिशेब डोक्यात पक्का असतो. लीगचा हिशेब वेगळा आहे. तिथं हरल्यावरही खेळायचं असतं, आणि कितीनं हरलो तेही शेवटी मोजलं जातं. वरिष्ठ गटातल्या मोठ्या संघांबद्दल रोज वाचायला मिळतं, म्हणून हा लेख खालच्या गटातून सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी उतरंड समजून घ्या

शहरातली लीग कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, भरवते. संस्था १९४० ची, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही आपला मानला, त्यामुळे आजही संघांची नावं क्लबपेक्षा तालमीची जास्त : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. हे सगळे वरिष्ठ गटातले. त्याखाली अक्षरांनी ओळखले जाणारे गट, आणि नवा संघ तळाच्या गटातूनच आत येतो.

केएसए ही वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला, म्हणजे विफाला जोडलेली. विफा महाराष्ट्राची संघटना, मुंबईत १९११ साली सुरू झालेली. विफाच्या वर दिल्लीचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, आणि त्याच्या वर फिफा. ही साखळी लक्षात ठेवायचं कारण व्यवहाराचं आहे. तुमच्या खेळाडूची नोंद, बदली, बंदी, वयाचा दाखला, सगळं याच वाटेनं जातं. एखादा पोरगा पुण्याच्या किंवा मुंबईच्या क्लबकडे नोंदलेला असेल तर "तो आपल्याच पेठेतला आहे" या म्हणण्याला कागदावर काही किंमत नाही.

देशपातळीवर वरून खाली बघितलं तर २०१४ ला सुरू झालेली इंडियन सुपर लीग, मग आय-लीग, तिची दुसरी श्रेणी, आणि २०२३ पासून तिसरी. त्याखाली राज्यांच्या लीग आणि त्यांच्या खाली जिल्ह्यांच्या. आपण या शिडीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर आहोत. तरी ही शिडी खरी आहे. पंजाब एफसी २०२२-२३ ला आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला, तो मैदानावर मिळवलेल्या बढतीनं.

मंडळ कागदावर उभं करा

खेळाडू गोळा करायच्या आधी मंडळाची नोंदणी बघा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदलेलं मंडळ असेल तर पुढची कामं सोपी होतात. नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन आणि बँकेत मंडळाच्या नावाचं खातं, एवढं आधी हातात पाहिजे. खातं कुणा कार्यकर्त्याच्या नावावर चालवू नका. प्रायोजक धनादेश देतो तो मंडळाच्या नावानं, आणि पुढे हिशेबावरून पेठेत जी भांडणं लागतात त्यातली अर्धी इथंच मिटतात.

मग दोन माणसं ठरवा. एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक. दोन्ही कामं एकाच माणसाकडे देऊ नका, तो कितीही जिवाभावाचा असला तरी. प्रशिक्षकाचं लक्ष खेळावर हवं. व्यवस्थापकाकडे एक जाड वही हवी. तिच्यात प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव (आधार कार्डावर आहे तसंच), जन्मतारीख, आधीचा संघ, रक्तगट, घरच्यांचा फोन, आणि पुढे मिळणारी कार्डं. पेठेत पोराला सगळे टोपणनावानं ओळखतात आणि फॉर्मवर भलतंच स्पेलिंग पडतं. एका अक्षराच्या फरकानं ओळखपत्र अडकतं.

खेळाडू नोंदणी : इथं घाई करू नका, पण वेळही घालवू नका

लीग सुरू होण्याआधी केएसए नोंदणीच्या तारखा जाहीर करते. त्या मुदतीत नाव पडलं नाही तर तो खेळाडू तुमच्यासाठी त्या हंगामात नाही, असंच धरून चाला. महासंघाची नोंदणीही ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं होते. तिथं खेळाडूचा एकच क्रमांक असतो आणि तो आयुष्यभर त्याच्याबरोबर राहतो. त्यामुळे दोन संघांकडे सही करणं आता लपत नाही.

दुसऱ्या संघातून येणाऱ्याला ना-हरकत दाखला लागतो. तो मागायला त्या खेळाडूला एकट्याला पाठवू नका. मंडळाच्या अध्यक्षांनी समोरच्या मंडळाच्या वडीलधाऱ्यांकडे जावं, चहा घ्यावा, रीतसर पत्र द्यावं. कोल्हापुरात दोन पेठांमध्ये मैदानावर कितीही ईर्ष्या असली तरी दारात आलेल्या माणसाला सहसा रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. उलट चोरून सही घेतली की पुढची पाच वर्षं त्या संघाबरोबरचा प्रत्येक सामना त्याच एका कारणानं पेटतो.

वयोगटाच्या संघांत जन्मतारखेचा दाखला जन्मानंतर लगेच केलेल्या नोंदीचा हवा. वरच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडाची तपासणी होते आणि तिथं खोटं टिकत नाही. वय चोरून खेळवलेला पोरगा दोन वर्षं चमकतो आणि मग त्याच्यासाठी सगळी दारं बंद होतात. हे पाप मंडळानं घेऊ नये.

परदेशी खेळाडूंचा विषय आपल्याकडे नवा नाही. आफ्रिकेतून आलेले खेळाडू लीगचे सामने होतात त्या शाहू स्टेडियमवर अनेक हंगाम खेळले आहेत आणि त्यांच्यामुळे आपल्या बचावपटूंना ताकद आणि वेग यांचा अंदाज आला. पण खालच्या गटातल्या नव्या संघानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना आंतरराष्ट्रीय बदलीचं प्रमाणपत्र लागतं, व्हिसा योग्य प्रकारचा लागतो, राहत्या जागेची माहिती २४ तासांत पोलिसांकडे जावी लागते. एवढं करून जो पैसा जातो त्यात पेठेतल्या १४ वर्षांच्या मुलांचा अख्खा संघ वर्षभर सांभाळता येतो.

नोंदणीत आणखी एक बघा. गोलकीपर दोन नोंदवा. खालच्या गटात बरेच संघ एकाच गोलकीपरवर हंगाम काढायला बघतात आणि फेब्रुवारीत त्याचं बोट सुजलं की डिफेंडरला हातमोजे घालतात.

सामने किती आणि कधी

हे गणित एकदा कागदावर मांडून बघा, मग वेळापत्रकावरची निम्मी चिडचिड कमी होईल. १६ संघ एकमेकांशी एकदाच खेळले तर प्रत्येकाला १५ सामने आणि एकूण सामने १२०. मैदान एक, दिवसाला दोन सामने. म्हणजे ६० दिवस नुसते सामन्यांचे. त्यातून सण वजा करा, बंदोबस्त मिळत नाही ते दिवस वजा करा, दहावी-बारावीच्या परीक्षा वजा करा. त्यात लीगबरोबर महापौर चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक अशा बाद पद्धतीच्या स्पर्धांनाही तेच स्टेडियम हवं असतं. जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की विषयच संपला. म्हणून १६ चे आठ-आठ असे दोन भाग करणं सोयीचं पडतं : आठ संघांच्या गटात प्रत्येकाला सात सामने, गटाचे एकूण २८.

नव्या संघासाठी याचा अर्थ असा की तुमच्या वाट्याला मोजकेच सामने येणार आहेत. सात सामन्यांत "पहिले दोन अंदाज घेऊ, मग बघू" असं चालत नाही. दोन सामन्यांत हंगामाचे सहा गुण असतात.

वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी खेळाडूंच्या कामाच्या पाळ्या आणि परीक्षा त्याच्याशेजारी लिहा. आपली पोरं शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पहिल्या-दुसऱ्या पाळीला असतात, कुणी दुकान सांभाळतो, कुणी दुधाच्या गाडीवर असतो. फोरमनला आठवडाभर आधी भेटून पाळी बदलून घेता येते. आदल्या रात्री फोन केला तर येत नाही.

सराव गांधी मैदान, दुधाळी, तपोवन, मेरी वेदर, जिथं जागा मिळेल तिथं होतो. पण शाहू स्टेडियमचं मैदान मोठं आहे, आणि गल्लीत किंवा अर्ध्या मैदानावर सराव केलेला संघ तिथं साठाव्या मिनिटाला फुटतो. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण लांबी-रुंदीवर पळवा. मार्च-एप्रिलच्या दुपारी दोनला जो सामना असतो, त्याचा सराव सकाळी सहाला करून भागत नाही.

सामन्याचा दिवस

दोनचा सामना असेल तर संघ साडेबाराला स्टेडियमवर पाहिजे. व्यवस्थापकाकडे सगळ्यांची ओळखपत्रं एका पाकिटात, जर्सीचे दोन रंग, गोलकीपरचा वेगळा रंग, राखीव पायमोजे आणि शिनगार्ड. शिनगार्ड नसलेल्याला पंच मैदानात घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

संघाची यादी भरताना दहा मिनिटं शांतपणे बसा. अकरा नावं, त्यांचे जर्सी क्रमांक, मग बदली खेळाडू. क्रमांक जर्सीवरचाच आहे ना, हे प्रत्येकाची पाठ बघून लिहा, तोंडी विचारून लिहू नका. नियम असा की सामन्याआधी ज्याचं नाव यादीत नाही त्याला बदली म्हणून उतरवता येत नाही. याच नियमाची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते. तुमच्याकडे सुरुवातीला अकरा पूर्ण नसतील, पण सात असतील, तर सामना सुरू होऊ शकतो, आणि ज्यांची नावं यादीत आधीच आहेत ते मागाहून पोहोचले तरी पंचांच्या परवानगीनं आत जाऊ शकतात. पहिली पाळी संपवून शिरोलीहून गाडीवर येणाऱ्या पोराचं नाव म्हणूनच यादीत घाला. दुपारी चारच्या सामन्यात हे फार कामाला येतं. सातपेक्षा कमी झाले तर मात्र सामना होत नाही, आणि समोरच्याला पुढे चाल, म्हणजे न खेळताच विजय, मिळतो.

यादी दिली की खेळाडूंचे हात, कान, गळा बघा. कडं, अंगठी, कानातली बाळी, गळ्यातली साखळी, मनगटावरचा चामड्याचा किंवा रबरी पट्टा, सगळं काढायचं. वरून चिकटपट्टी लावून झाकलेलं नियमाला चालत नाही. कडं निघत नाही म्हणून साबण शोधत पळणारी पोरं दर हंगामाला दिसतात, तेव्हा हे काम घरूनच करून यायला सांगा. चड्डीच्या आत घट्ट शॉर्ट घातली असेल तर तिचा रंग बाहेरच्या चड्डीचाच हवा.

बाकावर बसणाऱ्यांनाही आता कार्ड मिळतं. २०१९ पासून पंच प्रशिक्षकाला आणि व्यवस्थापकाला पिवळं, लाल दाखवू शकतात. बाकावरून शिवी आली आणि कुणी दिली ते कळलं नाही, तर कार्ड तिथं हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला. म्हणून बाकावर मंडळाचा प्रत्येक कार्यकर्ता बसवू नका. पाण्याला एक, प्रथमोपचाराला एक, बस्स.

गुणतक्ता : एका गोलाची गोष्ट

जिंकलं तर तीन गुण, बरोबरी एक, हार शून्य. गुण सारखे झाले तर बहुतेक वेळा आधी गोलफरक बघतात, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले. मग केलेल्या गोलांची संख्या, मग दोघांमधला सामना. क्रम त्या हंगामाच्या नियमावलीत छापलेला असतो. पहिल्या सामन्याआधी ते पान सगळ्या संघाला वाचून दाखवा.

आता आठ संघांचा गट धरा, आणि शेवटचा संघ खाली जाणार आहे. एका संघाचे दोन विजय, एक बरोबरी, चार हारी : ७ गुण, ८ गोल केले, १२ खाल्ले, फरक उणे ४. दुसऱ्याचा एक विजय, चार बरोबऱ्या, दोन हारी : गुण तेवढेच ७, गोल ६ केले, ९ खाल्ले, फरक उणे ३. पहिला संघ दोन सामने जिंकूनही खाली जातो.

त्या पहिल्या संघाच्या चार हारींपैकी एक ०-५ ची आहे असं समजा, आणि ७५ व्या मिनिटाला ती ०-३ होती. "आता गेलाच सामना, निदान एक तरी टाकू" म्हणून दोन्ही बॅक पुढे सोडले आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत आणखी दोन खाल्ले. ते दोन खाल्ले नसते तर फरक उणे २ राहिला असता आणि दुसरा संघ खाली गेला असता. समर्थकांना ०-३ आणि ०-५ सारखंच वाटतं. प्रशिक्षकाला तसं वाटून चालणार नाही. तीन गोलांनी मागे असताना मधल्या फळीत एक माणूस वाढवणं हे भित्रेपणाचं लक्षण नाही, खालच्या गटातला संघ त्यानंच टिकतो. तसंच २-० नं पुढे असताना तिसऱ्या गोलासाठी पळणं हा शहाणपणा आहे. आपल्याकडे आघाडी घेतली की कोपऱ्यात बॉल दाबून वेळ काढायची सवय आहे, ती लीगमध्ये महागात पडते.

बरोबरीकडेही आपण नाक मुरडून बघतो. वरच्या दुसऱ्या संघाचा फरक परत बघा. त्याला चार बरोबऱ्यांनीच वाचवलंय.

कार्डं, तक्रारी आणि गॅलरी

लाल कार्ड म्हणजे पुढचा सामना नाही. गैरवर्तन मोठं असेल तर शिस्त समिती बंदी वाढवते. पिवळ्यांची बेरीज नियमावलीतल्या आकड्याला पोहोचली तरी एक सामना जातो. याची नोंद तुमच्या वहीत तुम्हीच ठेवा, कुणी आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. बंदीतला खेळाडू चुकून उतरवला तर जिंकलेला सामनाही हातचा जातो.

तक्रार करायची असेल तर लेखी, मुदतीत, ठरलेल्या शुल्कासह. आणि ती कशावर होऊ शकते हे समजून घ्या. ऑफसाइड होतं की नव्हतं, पेनल्टी होती की नव्हती, यावर तक्रार चालत नाही. खेळातल्या घटनेवर पंचांचा निर्णय अंतिम. अपात्र खेळाडू, चुकीची नोंदणी, बंदी मोडली, यावर तक्रार चालते. पुरावा जोडा आणि भाषा साधी ठेवा.

गॅलरीबद्दल मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. शाहू स्टेडियमवर हजारोंनी लोक पैसे मोजून जिल्ह्याच्या लीगचा सामना बघायला येतात. ही देशात फार थोड्या शहरांना मिळालेली दौलत आहे. आणि हुल्लडबाजीमुळे आपण ती दर काही हंगामांनी धोक्यात घालतो. बाटली एक जण फेकतो, सामना सगळ्यांचा थांबतो, दंड मंडळ भरतं, आणि पुढच्या वर्षी आई पोराला सरावाला पाठवताना दहादा विचार करते. मंडळानं आपल्या समर्थकांत चार वजनदार माणसं नेमावीत, ज्यांच्या एका शब्दावर पोरं गप्प बसतात. त्यांना गॅलरीत उभं करा, बाकावर बसवू नका. सामना हरला तर मिरवणुकीचा रस्ता समोरच्या पेठेतून जाणार नाही हे आदल्या दिवशीच ठरवा. जिंकला तरी.

इथून पुढे कुठं

जिल्ह्याच्या लीगमध्ये चांगला खेळलेला खेळाडू जिल्हा संघाच्या निवडीत येतो, तिथून विफाच्या आंतरजिल्हा स्पर्धेत, आणि तिथून राज्याच्या संघात. राज्याचा संघ १९४१ पासून चालत आलेल्या संतोष ट्रॉफीत खेळतो. शाळकरी मुलांना सुब्रतो चषक आहे, कॉलेजच्या मुलांना शिवाजी विद्यापीठाच्या संघाची वाट. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुलींसाठीही वाट उघडली आहे. एफसी कोल्हापूर सिटीचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आलाय. पेठेतल्या मंडळानं पुरुषांच्या संघाबरोबर मुलींच्या सरावाला आठवड्यातले तीन दिवस मैदान दिलं, तर त्याला वेगळा खर्च फारसा येत नाही.

हंगाम संपल्यावर

शेवटचा सामना झाला की आठवडाभरात तीन कामं उरका. खर्चाचा हिशेब मंडळाच्या फळ्यावर लावा, प्रायोजकांना त्याची एक प्रत द्या. ज्यांना दुसऱ्या संघात जायचंय त्यांना दाखला हसतमुखानं द्या. आणि कार्डांची, दुखापतींची, गुणांची ती वही पुढच्या वर्षीच्या व्यवस्थापकाच्या हातात द्या, बसून एकदा पान पान समजावून. मग जूनच्या पावसात गांधी मैदानावर पाणी साचलेलं असलं तरी १२-१४ वर्षांच्या पोरांना हॉलमध्ये, गल्लीत, जिथं कोरडं असेल तिथं बॉलवर ठेवा. दिवाळीनंतर नोंदणीचे फॉर्म येतील, आणि त्यातली दोन-तीन नावं याच पोरांची असायला हवीत.